ग्राफिक्स ड्रायव्हर क्रॅशचे निदान

ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, ग्राफिक्स ड्रायव्हर कोसळल्यावर तो नेमका कोणत्या ओळीवर आणि कशामुळे कोसळला, हे मागे उरलेल्या खुणांवरून शोधण्याची पद्धत. ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोन तुकडे असतात. एक साध्या प्रोग्रामसारखा चालतो. दुसरा कर्नलच्या आत राहून मेमरी वाटतो, जीपीयूला (ग्राफिक्स चिपला) कामे देतो आणि डिस्प्ले सांभाळतो. लिनक्समध्ये या आतल्या यंत्रणेला डीआरएम म्हणतात; आय९१५, एएमडीजीपीयू आणि नूव्हो हे तिच्यातले नेहमी भेटणारे ड्रायव्हर.

हे निदान इतर ड्रायव्हरांपेक्षा अवघड असते, कारण एरर जिच्यावर दिसायची ती स्क्रीनच आधी जाते. मात्र स्क्रीन गोठली म्हणजे कर्नल मेला असे नाही. दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करण्याच्या सोयीने) आत शिरून पाहावे. शिरता आले तर कर्नल जिवंत आहे आणि लॉग (कर्नलच्या नोंदी) हाती आहे. घाईने पॉवर बटण दाबले की तो लॉग बऱ्याचदा जातो.

यानंतर हँग आणि क्रॅश यांत फरक करावा लागतो. हँगमध्ये जीपीयू दिलेले काम मुदतीत पुरे करत नाही आणि ड्रायव्हर त्याला रीसेट करू पाहतो. विंडोजमध्ये व्हिस्टापासून ही सोय टीडीआर नावाने आहे. तिची मूळ मुदत २ सेकंद असते; रीसेट फसला तर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ची निळी स्क्रीन येते. हँगचे मूळ अनेकदा कर्नलबाहेर, एखाद्या शेडरमध्ये (जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) किंवा ड्रायव्हरच्या बाहेरच्या तुकड्यात असते. क्रॅशमध्ये मात्र कर्नलमधला कोडच चुकीच्या पत्त्यावर हात घालतो. लिनक्स तेव्हा ‘ऊप्स’ (त्रुटीचा अहवाल) छापतो आणि पुढे चालणे शक्य नसेल तर पॅनिक होतो, म्हणजे पूर्ण थांबतो.

मागच्या बूटचा लॉग सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) जर्नलमध्ये मिळतो, पण शेवटच्या, म्हणजे सर्वांत मोलाच्या, ओळी डिस्कपर्यंत पोचलेल्या नसतात. त्यासाठी नेटकन्सोल त्या ओळी थेट नेटवर्कवर पाठवतो. पीस्टोअर त्या यूईएफआयच्या (मदरबोर्डवरच्या फर्मवेअरच्या) किंवा राखीव मेमरीत ठेवतो. केडंप राखून ठेवलेल्या मेमरीत दुसरा छोटा कर्नल सुरू करून पहिल्याची मेमरी जतन करतो. मात्र नुसत्या ऊप्सवर तो जागा होत नाही, पॅनिक व्हावा लागतो किंवा तशी सेटिंग आधी करावी लागते. २०२४ मधल्या लिनक्स ६.१० पासून डीआरएम स्वतःच पॅनिकचा संदेश स्क्रीनवर दाखवू शकतो. अर्थात त्यासाठी त्या त्या ड्रायव्हरचा पाठिंबा हवा.

ऊप्स वाचताना पहिलाच ऊप्स धरावा. नंतरचे बहुतेक त्याचेच पडसाद असतात, आणि ‘टेंट’ खुणांत (कर्नलची अवस्था सांगणाऱ्या अक्षरांत) ‘डी’ दिसला तर आधी एक ऊप्स होऊन गेला आहे हे नक्की. ‘पी’ ही बंद परवान्याच्या मॉड्यूलची खूण. ती असेल तर कर्नलचे डेव्हलपर आधी त्या मॉड्यूलशिवाय क्रॅश पुन्हा घडवून दाखवायला सांगतात. ज्या पत्त्यावर चूक झाली तो पत्ता स्वतःच बरेच बोलतो. तो शून्याच्या जवळ असेल, समजा १८ (हेक्समध्ये), तर रिकाम्या पॉइंटरमागच्या स्ट्रक्चरमधली २४ बाइट पुढची फील्ड वाचायचा प्रयत्न झाला आहे. स्लॅब डीबगिंग (कर्नलच्या मेमरी-वाटपाची तपासणी) चालू असताना पत्त्यात ‘६बी’ पुन्हा पुन्हा दिसले, तर मोकळी केलेली मेमरी कोणीतरी अजून वापरते आहे. अशा वेळी केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) लावलेला कर्नल बांधावा, म्हणजे सोर्समधून कंपाइल करावा. मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली आणि नंतर कोणी हात लावला, हे तो वेगवेगळे दाखवतो. कॉल ट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्या यादीत) सर्वांत वर दिसणारे फंक्शन फक्त बळी असू शकते, हे नवख्यांना पटवणे सर्वांत कठीण जाते. ट्रेसमधल्या फंक्शनच्या नावापुढचा आकडा डीबग माहितीशी जुळवला की सोर्सची ओळ मिळते.

आधीच्या आवृत्तीत सगळे नीट चालत होते, तर गिट बायसेक्टसारखा (बिघाड आणणारा बदल निम्म्या-निम्म्याने शोधण्यासारखा) मार्ग नाही. दर खेपेला उरलेले कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) निम्मे होतात, म्हणून १०,००० कमिटांमधून दोषी कमिट साधारण १४ बांधण्यांत सापडतो. क्रॅश कधीतरीच होत असेल तर मात्र ‘चांगला’ असा शेरा मारण्याआधी प्रत्येक कर्नल पुरेसा वेळ चालवावा लागतो. एक चुकीचा शेरा सगळा शोध भलतीकडे नेतो.

ट्रेस दर वेळी अगदी वेगळा, एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणचा येत असेल, तर ड्रायव्हर बाजूला ठेवून आधी रॅम, तापमान, वीजपुरवठा आणि ओव्हरक्लॉकिंग तपासावे.