पीडीएफच्या आत खरंच मराठी आहे का?

मराठी फाइल पाठवायची तर पीडीएफ करा, कुठेही उघडते, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत भरता येतो, म्हणून पान दुसऱ्याच्या फोनवरही जसंच्या तसं दिसतं. आत काय साठवलंय, ते मात्र नुसतं बघून कळत नाही.

संगणक अक्षरं नव्हे, आकडे साठवतो. कृतीदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये 'मराठी' टाइप केलं की फाइलमध्ये 101, 106, 107, 66, 104 जातात. हे इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच यांचे क्रमांक! फॉन्टने फक्त ई-च्या जागी म-चं चित्र बसवलेलं असतं. 1991 साली आलेल्या युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना वेगवेगळे क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, म-ला स्वतःचा क्रमांक आहे, 2350. मंगल हा युनिकोड फॉन्ट वापरा नाहीतर मुक्ता, तो बदलत नाही.

खरी गंमत आहे ऱ्हस्व वेलांटीत. 'स्थिती' लिहिताना पहिली वेलांटी स-च्याही आधी दिसते, पण उच्चारात ती थ-नंतर येते. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतं: स 2360, हलन्त 2381, थ 2341, मग वेलांटी 2367. अक्षरं जुळवणारा प्रोग्राम पडद्यावर तिला उचलून अख्ख्या जोडाक्षराच्या अलीकडे नेतो. कृतीदेव दिसतं तसं साठवतो, वेलांटी आधी. रफाराचं उलट: 'सूर्य'मध्ये कृतीदेव तो य-नंतर ठेवतो, युनिकोडमध्ये र आधी. म्हणूनच जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना नुसते आकडे बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो.

कृतीदेवच्या पीडीएफमध्ये 'मराठी' शोधून सापडत नाही. अंध वाचकाचं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम, तर तिथे इंग्रजी अक्षरंच वाचू लागतं. 'आता एआय सगळं वाचतं' असं हल्ली ऐकू येतं. पण पानाच्या चित्रावरून अक्षर ओळखणं हा शेवटी अंदाज आहे. टाइप करताना अचूक असलेला मजकूर अंदाजावर का सोडायचा?

पाठवण्याआधी पीडीएफमधलं एक वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून पाहा. इंग्रजी अक्षरं उमटली तर आत मराठी नाही. युनिकोड वापरूनही जोडाक्षरं फुटलेली दिसू शकतात, कारण पीडीएफ बहुधा फॉन्टमधल्या अक्षरचित्रांचे, म्हणजे आकारांचे, क्रमांक ठेवते आणि आकारावरून अक्षराकडे नेणारा तक्ता अपुरा असू शकतो. समोरच्याला दुरुस्त्या करायच्या असतील तर लिब्रेऑफिसची ओडीटी किंवा वर्डची डॉक्स (.docx) फाइल द्यावी. नुसत्या मजकुराला साधी टेक्स्ट फाइल पुरते, पण ती यूटीएफ-8 मध्येच, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत, सेव्ह करा. ॲन्सी ही देवनागरी न सामावणारी जुनी पद्धत निवडलीत तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतील.