न्यायवैद्यक मनोरुग्णांचे पुनर्गुन्हे (सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात)

गंभीर मानसिक आजाराच्या भरात ज्याच्या हातून गुन्हा घडला आणि ज्याला न्यायालयाच्या आदेशाने मनोरुग्णालयात ठेवले गेले, अशा रुग्णाच्या हातून सुटकेनंतर पुन्हा गुन्हा घडणे, यास न्यायवैद्यक मनोविकारशास्त्रात पुनर्गुन्हा म्हणतात. कोणी नवी अटक मोजतो, कोणी दोषसिद्धी, तर कोणी फक्त हिंसेचे गुन्हे. त्यामुळे दोन अभ्यासांतील आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी त्यांत नेमके काय आणि सुटकेनंतर किती वर्षे मोजले, हे पाहावे लागते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 नुसार (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम 84), मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत किंवा ते गैर आहे हे ज्याला कळत नव्हते, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही. मात्र अशी निर्दोष मुक्तता म्हणजे घरी रवानगी नव्हे. कृत्य त्यानेच केले असे सिद्ध झाले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 374 प्रमाणे न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवते किंवा नातेवाइकाच्या अथवा मित्राच्या स्वाधीन करते. स्वाधीन घेणाऱ्याला हमी द्यावी लागते: रुग्णाची नीट काळजी घेऊ, त्याला स्वतःला वा इतरांना इजा करू देणार नाही आणि सांगितले जाईल तेव्हा तपासणीसाठी हजर करू. आपल्याकडे सुटकेनंतरच्या देखरेखीचा सगळा डोलारा या एका हमीपत्रावर उभा आहे.

या विषयावरील मोठ्या संकलनांपैकी एक 2016 साली प्रसिद्ध झाले. त्यात 10 देशांतील 35 अभ्यास आणि सुरक्षित मनोरुग्णालयांतून सुटलेले 12,056 रुग्ण होते. दर एक लाख व्यक्ति-वर्षांमागे पुनर्गुन्ह्यांचे प्रमाण 4,484 आढळले, म्हणजे सुटलेल्या शंभर जणांमागे वर्षाला चार-पाच; अलीकडच्या अभ्यासांत ते आणखी कमी होते. त्याच मोजपट्टीवर पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण 7,208, सर्व कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचे 1,538 आणि आत्महत्यांचे 325 होते. वेडाच्या भरात खून केलेला माणूस सुटला की गावाला धास्ती वाटते ती इतरांच्या जिवाची. आत्महत्येचा हा आकडा पाहता त्याच्या स्वतःच्या जिवाचीही तेवढीच काळजी करायला हवी.

पुनर्गुन्ह्याचा अंदाज आजाराच्या नावावरून फारसा बांधता येत नाही. 1998 मध्ये 64 नमुना-गटांच्या एकत्रित विश्लेषणात मनोरुग्ण गुन्हेगार आणि इतर गुन्हेगार यांच्या पुनर्गुन्ह्याची प्रमुख कारणे सारखीच निघाली: पूर्वीच्या गुन्ह्यांचा इतिहास सर्वांत बोलका ठरला, तर निदान व लक्षणे यांचे वजन सर्वांत कमी भरले. अमेरिकेत 1966 च्या बॅक्सट्रॉम खटल्यानंतर साडेनऊशेहून अधिक ‘धोकादायक’ रुग्णांना गुन्हेगारांच्या मनोरुग्णालयांतून साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले, तेव्हा वर्तवलेल्या भाकितांच्या मानाने फारच थोडे जण हिंसक झाले. उलट इंग्लंडमध्ये ब्रॉडमूर या कडेकोट बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयातून 1971 साली सुटलेल्या ग्रॅहम यंगने थॅलियमसारखी विषे घालून दोन सहकाऱ्यांचा जीव घेतला, आणि त्या एका प्रकरणाने तिथली सुटकेची पद्धत बदलली. धोरणे बहुधा अशा एखाद्या घटनेने हलतात, आकड्यांनी क्वचितच. आज अनेक देशांत हिंसेचा धोका जोखण्यासाठी एचसीआर-20 हे साधन वापरले जाते; त्यातील 10 मुद्दे भूतकाळाचे, 5 सध्याच्या मनःस्थितीचे आणि 5 पुढील परिस्थितीच्या व्यवस्थापनाचे असतात.

निदानाचे वजन कमी भरले म्हणून उपचार बिनमहत्त्वाचे ठरत नाहीत. स्वीडनमध्ये 2006 ते 2009 या काळात 82,647 रुग्णांच्या नोंदी पाहिल्या असता, मनोविकारविरोधी औषधे चालू असतानाच्या काळात त्याच रुग्णांच्या हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण औषधे बंद असतानाच्या काळापेक्षा 45 टक्क्यांनी कमी आढळले. दारू व अन्य व्यसने हा दुसरा मोठा घटक आहे. छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनियाच्या) जोडीला व्यसन असेल तर हिंसेची शक्यता लक्षणीय वाढते.

महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. साताऱ्यात किंवा सांगलीत एकही नाही. त्यामुळे या जिल्ह्यांतला रुग्ण उपचार घेतो एकीकडे आणि सुटल्यावर राहतो घाटापलीकडे. हाती असते डिस्चार्ज कार्ड आणि मोजक्या दिवसांच्या गोळ्यांची पिशवी. रिस्पेरिडोन या मनोविकारविरोधी औषधाच्या गोळ्या संपल्या की जत किंवा आटपाडीच्या वाडीवरून रुग्णासह एकाने रोज बुडवून एसटीने सांगली-मिरज गाठायचे, केसपेपर काढायचा, रांगेत बसायचे आणि मुक्कामाची गाडी चुकू नये म्हणून घाईने परतायचे. माण-खटावच्या लोकांना साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयाची वाट अशीच लांब पडते. सुगीत किंवा घर ऊसतोडीला गेल्यावर एखादी फेरी चुकते. त्यातच रुग्ण शांत दिसू लागला की ‘आता बरा आहे, गोळ्यांनी नुसता झोपून असतो’ म्हणून औषध बंद होते. काही आठवड्यांनी झोप उडते, संशय परततो, आणि बऱ्याच घरांत पहिली धाव ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून देवऋषाकडेच असते. दोन ते चार आठवड्यांनी द्यायचे लांब टिकणारे इंजेक्शन अशा घरांसाठी गोळ्यांपेक्षा सोयीचे, पण ते देणारी व्यवस्था गावाच्या जवळ असेल तरच. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातून 1996 पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आकाराला आला तो याच गरजेतून. व्यसनाच्या बाजूने साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी उभी केलेली ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्ती संस्था आहे.

हमीपत्राची खरी अडचण घरातच असते. तीव्र मनोविकारात होणाऱ्या हिंसेला बऱ्याचदा आई, बायको किंवा भाऊ बळी पडतो, आणि कायदा ज्याच्याकडून काळजीची हमी मागतो तोही त्याच घरातला असतो. ज्याची भावजय गेली त्या दिराने हमी द्यावी ही अपेक्षा कागदावर साधी दिसते. दिली तरी गोळ्या चुकल्या, दारू सुरू झाली, तर त्याने कळवायचे कोणाला, याचे उत्तर त्या कागदात नाही. इंग्लंडमध्ये सशर्त सुटका झालेल्या, निर्बंधाखालील रुग्णाला परत रुग्णालयात बोलावता येते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात 1978 पासून एक स्वतंत्र मंडळ हेच काम करते. आपल्याकडे आजार उलटल्यावर प्रकरण पोलीस पाटलापर्यंत पोहोचते ते बहुधा काही घडून गेल्यावर.

भारतात या रुग्णांच्या पुनर्गुन्ह्यांचे चित्र सरकारी आकड्यांतून उभे राहत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंग-अहवालात पुन्हा शिक्षा झालेले बंदी आणि मानसिक आजार असलेले बंदी यांची गणती वेगवेगळी होते. शिवाय कलम 22 खाली सुटलेला माणूस शिक्षा झालेला नसल्याने, पुढे प्रथमच दोषी ठरला तरी त्या गणतीत तो नवखाच राहतो.

हमी द्यायला कोणीच पुढे आले नाही, तर बरा झालेला रुग्णही आतच राहतो. आसाममधील मचल लालुंग हे 1951 साली पकडले गेले आणि खटला न चालता पाच दशकांहून अधिक काळ कोठडीत व मनोरुग्णालयात राहून 2005 मध्ये सुटले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 ने समाजात राहण्याचा हक्क आणि सुटकेचे पूर्वनियोजन या दोन्ही गोष्टी कायद्यात आणल्या, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बरे होऊनही मनोरुग्णालयांत अडकलेल्यांच्या पुनर्वसनाकडे राज्यांचे लक्ष वेधले. घर आणि रुग्णालय यांच्या मधली, काही महिने राहून औषधाची व कामाची सवय लावणारी निवासी सोय हा त्यावरचा मान्य उपाय आहे. हमीपत्रावर सही करण्यापूर्वी नातेवाइकाला रुग्ण कसा राहतो हे तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.