तमिळ संगणनाचे निबंध तपासतं कोण?

सन २०००च्या आसपास तमिळ संगणन, म्हणजे संगणकावर तमिळ चालवण्याचं तंत्र, या विषयाच्या परिषदेत वाचलेल्या एखाद्या निबंधाची पीडीएफ उघडा. पडद्यावर सुबक तमिळ दिसेल. त्यातला एक परिच्छेद उचलून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवा, की बहुधा डोक्यावर टिंबं आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरं सांडतात. जुन्या फॉन्टांतल्या मराठी फायलींशी ज्यांची झटापट झाली आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. आता तोच परिच्छेद कुणी युनिकोडमध्ये टाइप करून स्वतःच्या नावावर खपवला, तर उचलेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन मजकुरांत काहीच साम्य दिसणार नाही. माणसाला जे एका दृष्टिक्षेपात कळतं तिथे अहवाल येणार शून्य टक्के.

आज अशा परिषदेला निबंध पाठवायचा तर मजकूर आपलाच असल्याचं प्रतिज्ञापत्र, साम्य-तपासणीचा अहवाल, नाव झाकून केलेलं परीक्षण, हे सगळं मागितलं जाऊ शकतं. हे नियम तमिळ संगणनाच्या पोटातून आलेले नाहीत. ते बाहेरून, वेगवेगळ्या दिशांनी आणि बऱ्याच उशिरा आले. ते आले तेव्हा तिथे निबंध तपासण्याची एक वेगळीच रीत आधीपासून नांदत होती.

ती रीत समजून घ्यायला आधी थोडा हिशेब. तमिळमध्ये १२ स्वर, १८ व्यंजनं, व्यंजन-स्वरांच्या जोडीची २१६ अक्षरं आणि आय्दम् नावाचं एक वेगळंच अक्षर, अशी २४७ अक्षरं मोजतात. संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने ओळखतो; आठ बिटांच्या अशा तक्त्यात जागा २५६, आणि त्यातल्या निम्म्या रोमन लिपीने आधीच अडवलेल्या. मग कुठली अक्षरं अखंड ठेवायची आणि कुठली तुकड्यांतून जुळवायची? ज्याने त्याने आपापलं उत्तर काढलं आणि आपापला फॉन्ट केला. एकाचं पत्र दुसऱ्याच्या संगणकावर वाचता येईना. भारतीय लिपींसाठी सरकारी इस्की प्रमाण होतं आणि १९९१मध्ये युनिकोडने तमिळची मांडणी त्याच वळणावर केली होती. पण देवनागरीच्या साच्यात आपली लिपी कोंबल्याची तक्रार तमिळ लोकांत तेव्हापासूनच होती. (या व्यवहारात आपणही थोडे ऋणी आहोत. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा ‘ऱ’ आपण ज्या सांकेतिक क्रमांकाने टाइप करतो, तो युनिकोडच्या तक्त्यात द्राविडी ‘ऱ’ लिहिण्यासाठीचं अक्षर म्हणून नोंदलेला आहे.)

मे १९९७मध्ये सिंगापूरला ‘तमिळनेट ९७’ हे चर्चासत्र भरलं. त्यामागे होते ना. गोविंदसामी. पेशाने शिक्षक, वृत्तीने साहित्यिक, आणि तमिळ वेबवर आणण्याच्या खटपटीतले अगदी पहिल्या फळीतले. या वर्तुळातली इतर माणसंही अशीच होती. के. कल्याणसुंदरम् स्वित्झर्लंडमध्ये लोझानला रसायनशास्त्राचं संशोधन करत. त्यांनी ‘मयिलै’ फॉन्ट केला आणि १९९८च्या पोंगलला जुनं तमिळ साहित्य संगणकावर आणणारा ‘मदुरै प्रकल्प’ सुरू केला. मुत्तु नेडुमारन् मलेशियात ‘मुरसु’ सॉफ्टवेअर घडवत होते. संगणकशास्त्राचे प्राध्यापकही होते, पण मैदान त्यांच्या एकट्याचं नव्हतं.

फेब्रुवारी १९९९मध्ये चेन्नईत ‘तमिळनेट ९९’ झाली, तमिळनाडू सरकारच्या पाठबळाने. तिच्यातून ‘तमिळ ९९’ हा कळफलक निघाला, ‘टॅम’ आणि ‘टॅब’ हे दोन सांकेतिक तक्ते निघाले, आणि जूनमध्ये त्यांवर सरकारी शिक्कामोर्तब झालं. त्याच सुमारास जगभरच्या तमिळ मंडळींनी ईमेलवर चर्चा करकरून ‘टीएससीआयआय’ हा वेगळा तक्ता तयार केला होता. दोन्ही बाजूंना जाणकार माणसं, दोन्हींकडे चालणारी सॉफ्टवेअरं.

अशा परिषदेत वाचलेला निबंध ही नुसती ज्ञानात घातलेली भर नसे. तो दावा असे. ‘अमुक अक्षराला अमुक जागा द्यावी’ हे त्याचं सार, आणि त्याचा निकाल सभागृहात लागे. तपासणारे समोरच बसलेले, त्यांची नावं सगळ्यांना ठाऊक, आणि त्यांतल्या अनेकांचा स्वतःचा फॉन्ट किंवा कळफलक पणाला लागलेला. आजच्या प्रकाशन-नीतीच्या भाषेत याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतील आणि अशा परीक्षकाला बाजूला बसवतील. तेव्हा त्याला बाजूला बसवलं असतं तर खोलीत उरलं कोण असतं? ज्याने तक्ता करून पाहिलेला नाही त्याला तक्त्यातली खोट कळणार नव्हती. माझ्या मते तमिळ संगणनात उचलेगिरीपेक्षा हा पेच जुना आहे आणि जास्त अवघडही. नियम मात्र पुढे उचलेगिरीभोवतीच जास्त विणले गेले.

जुलै २०००मध्ये सिंगापूरच्याच परिषदेत एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या लांबलचक तमिळ नावाची आद्याक्षरं जुळून ‘उत्तमम्’ होतात. इंग्रजी लघुनाम ‘इन्फिट’. त्यानंतर परिषद फिरतीवर निघाली. क्वालालंपूर, कॅलिफोर्निया, चेन्नई, पुन्हा सिंगापूर, पुढे जर्मनीतलं कलोन, फिलाडेल्फिया, टोरांटो. निबंध तमिळमध्ये किंवा इंग्रजीत चालत. आधी गोषवारा मागवायचा, कार्यक्रम समितीने तो पाहून निवड करायची, मग पूर्ण निबंध संग्रहात छापायचा. समितीची चाळणी मुख्यतः विषय सुसंगत आहे का, माणूस खरंच काही करतो आहे का, एवढ्यापुरती. स्वयंसेवकांच्या जोरावर चालणाऱ्या कामाला तेवढी पुरतही होती.

२०१० साल मात्र वेगळं होतं. जूनमध्ये कोइंबतूरला जागतिक अभिजात तमिळ परिषद झाली आणि तिच्या जोडीला तमिळ इंटरनेट परिषद. त्याच दिवसांत सरकारने युनिकोडला मान्यता दिली आणि २४७ अक्षरांना प्रत्येकी स्वतंत्र जागा देणाऱ्या सोळा बिटी ‘टेस १६’लाही पर्याय म्हणून मान्यता दिली. वर्ष सरता सरता तमिळ प्रदेशात संस्कृत लिहायला वापरत त्या ग्रंथ लिपीवरून वाद पेटला. ग्रंथाक्षरं तमिळच्या तक्त्याला जोडणारा एक तांत्रिक प्रस्ताव युनिकोडकडे गेला होता, स्वतंत्र ग्रंथ लिपीचा प्रस्तावही विचाराधीन होता. ही तमिळमध्ये संस्कृतची घुसखोरी आहे अशी ओरड झाली आणि खुद्द मुख्यमंत्री करुणानिधींनी केंद्राला पत्र लिहून प्रस्ताव थांबवायला सांगितलं. युनिकोडकडचे प्रस्ताव उघड असतात, लेखकाच्या नावासकट कुणीही वाचू शकतो, आक्षेपही नावानिशी नोंदतात. ग्रंथ लिपी शेवटी २०१४मध्ये युनिकोडमध्ये आली, स्वतंत्र तक्ता म्हणून. एका अक्षरतक्त्याचं परीक्षण मंत्रिमंडळापर्यंत जाण्याची ही घटना परीक्षणाच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत बसत नाही.

त्याच विषयातल्या जाणकारांकडून निबंध तपासून घेणं, ज्याला आज पीअर रिव्ह्यू म्हणतात, तोही वाटतो तितका सनातन नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं नियतकालिक १६६५पासून निघतं, पण पहिली जवळजवळ नव्वद वर्षं काय छापायचं ते सचिव ठरवत; निबंधांसाठी समिती नेमली ती १७५२मध्ये. १९३६मध्ये एका अमेरिकी नियतकालिकाने आइन्स्टाइनचा गुरुत्वलहरींवरचा निबंध न विचारता परीक्षकाकडे धाडला, तेव्हा ते इतके संतापले की निबंधच परत घेतला. (परीक्षकाचं बरोबर होतं. निबंध नंतर दुसरीकडे छापून आला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता.) ‘नेचर’ने बाहेरच्या परीक्षकांची पद्धत सरसकट लागू केली ती १९७३मध्ये. आणि नियतकालिकांच्या नीतीवर आज जिचा शब्द चालतो ती ‘कोप’ ही समिती ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी सुरू केली १९९७ साली, म्हणजे सिंगापूरला तमिळ मंडळी जमली त्याच वर्षी. तिथे चिंता होती बनावट रुग्ण-चाचण्यांची, इथे अक्षरांच्या जागांची.

संगणकशास्त्राने यात आणखी एक गाठ मारून ठेवली. इतर शास्त्रांत परिषदेतला निबंध म्हणजे कच्चा खर्डा, खरं प्रकाशन नियतकालिकात. संगणकशास्त्रात परिषदेचा संग्रह हेच अंतिम प्रकाशन धरतात, त्यामुळे सगळा भार परिषदेच्या परीक्षकांवर येतो. तो कितपत पेलतो? २०१४मध्ये ‘निप्स’ या यंत्र-शिक्षणाच्या नामांकित परिषदेने १६६ निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या निबंधांवर त्यांचं एकमत झालं नाही. त्याच वर्षी स्प्रिंगर आणि आयट्रिपलई या प्रकाशकांनी मिळून १२०हून जास्त निबंध मागे घेतले. ते एका प्रोग्रामने शब्द जुळवून केलेले निव्वळ बडबडगीत होते, आणि बहुतेक परिषदांच्या संग्रहांत सुखाने छापून आले होते.

भारतात नियमांना धार आली ती बढतीच्या वाटेने. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१०च्या नियमांनी प्राध्यापकांना ‘एपीआय’चे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारे गुण लावले. निबंध वाचला तर गुण, आंतरराष्ट्रीय परिषदेत वाचला तर जास्त गुण. रातोरात तालुक्याच्या कॉलेजांतल्या परिषदाही आंतरराष्ट्रीय झाल्या. ‘संग्रहाला आयएसबीएन आहे ना?’ हा प्रश्न विषयाच्या आधी विचारला जाऊ लागला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. इथे पुण्याचा थेट संबंध येतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी भूषण पटवर्धन यांच्यासोबत यूजीसीची मान्य नियतकालिकांची यादी तपासली आणि २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडला. विद्यापीठांनी सुचवलेल्या, पण नामांकित आंतरराष्ट्रीय सूचींत नसलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्के हिणकस ठरण्याजोगी होती. पुढे ती यादी बदलून ‘केअर’ ही नवी यादी आली, तिचं मुख्य काम पुण्यातूनच चाललं, आणि २०२५मध्ये यूजीसीने तीही बंद केली.

२०१८मध्येच वाङ्मयचौर्याचे नियम आले. १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ, मग ४० आणि ६० टक्क्यांवर चढत्या शिक्षा. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाने आलेलं साम्य मोजायचं नाही, अशीही सूट. हा १४ शब्दांचा हिशेब इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केल्यासारखा वाटतो. तमिळमध्ये ‘वरमुडियादवर्गळुक्काग’ हा एक शब्द. मराठीत त्याचे तीन होतात, ‘येऊ न शकणाऱ्यांसाठी’, आणि इंग्रजीत पाच. म्हणजे तमिळमधले सलग १४ शब्द हा चांगला ऐसपैस मजकूर असतो आणि तो नियमाच्या खालून अलगद निसटतो. उलट एखादा प्रत्यय बदलला की अख्खा शब्दच वेगळा दिसतो आणि साखळी तुटते. टक्केवारी मोजणाऱ्या यंत्राला तमिळ व्याकरण येत नसेल तर ते मोजतं तरी काय?

नाव झाकून परीक्षण करण्याची गत याहून मजेशीर. ‘आम्ही याआधी केलेल्या शब्दच्छेदकात’ (म्हणजे शब्दाचं मूळ आणि प्रत्यय सुटे करणाऱ्या प्रोग्राममध्ये) एवढं वाक्य आलं की लेखक कोण हे परीक्षकाला कळतं, कारण तसं काम करणारे गट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. परीक्षकाच्या शेऱ्यातल्या शैलीवरून लेखकालाही तो कळतो. शिवाय निबंध व्याकरणाचा की प्रोग्रामचा, हा प्रश्न असतोच. तोल्काप्पियम या प्राचीन तमिळ व्याकरणग्रंथाचा अभ्यासक कोड वाचत नाही आणि कोड लिहिणाऱ्याला संधिनियमांतली खोच दिसत नाही. दोघांकडे एकच निबंध गेला की दोन वेगळ्याच निबंधांवरचे अभिप्राय परत येतात.

२०२१पासून द्राविडी भाषांच्या तंत्रज्ञानावरची कार्यशाळा संगणकीय भाषाविज्ञानाच्या मोठ्या परिषदांच्या जोडीने भरू लागली आणि तिथली शिस्त आली. दोन्ही बाजूंनी नाव झाकलेलं परीक्षण, विदा (डेटा) कुठून घेतली याचा खुलासा. या पिढीचा कच्चा माल म्हणजे लोकांनी यूट्यूबवर सिनेमाच्या ट्रेलरखाली तमिळ-इंग्रजी मिसळून लिहिलेल्या प्रतिक्रिया. २०२०च्या अशा एका संचात १५,७४४ प्रतिक्रिया आहेत. आपलं ‘सेम्म मास’ (म्हणजे ‘एकदम जबरदस्त’) एका संशोधन-संचात जाऊन बसलं हे लिहिणाऱ्यांतल्या किती जणांना माहीत असेल? १९९९मध्ये हा प्रश्नच नव्हता, कारण अभ्यासाचा विषय आणि अभ्यास करणारे एकच होते.

२०२३च्या फेब्रुवारीत ‘कोप’ने सांगितलं की एआय साधनाला लेखक म्हणून दाखवता येणार नाही. ते ठीकच. तमिळ परीक्षकाची अडचण त्याच्याही आधीच्या पायरीवरची आहे. कुणाचा तरी इंग्रजी निबंध यंत्राने तमिळमध्ये आणला, किंवा जुना तमिळ निबंध इंग्रजीत नेला, तर साधी साम्य-तपासणी गप्प राहते. आणि मूळ निबंध टीएससीआयआयमध्ये असेल तर यंत्र आधी त्यातली अक्षरं ओळखतं की नाही इथपासून सुरुवात. त्या तक्त्यात ‘को’ तीन तुकड्यांत लिहीत, डावीकडचं चिन्ह, मग ‘क’, मग उजवीकडचं, जसं दिसतं तसं. युनिकोडमध्ये ‘क’ आणि एक स्वरचिन्ह, जसं उच्चारतात तसं. आपल्याकडे जुन्या फॉन्टात ‘कि’साठी आधी वेलांटी दाबायचो, त्यातलाच प्रकार. जुने संग्रह एकेका फॉन्टाचा तक्ता शोधून युनिकोडमध्ये उतरवले जात नाहीत, तोवर त्यांची तपासणी दोन फायली शेजारी उघडून डोळ्यांनी वाचणाऱ्या माणसाच्या हातात आहे. आणि तो माणूस बहुधा त्या सभागृहात बसलेला असतो किंवा तिथे बसलेल्या कुणाचा तरी विद्यार्थी असतो.