चिमणीचा पांढरा लोट म्हणजे विषारी धूर?

‘चिमणीतून जितका दाट पांढरा लोट, तितकं विष हवेत’ असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. शंका रास्त आहे, पण त्या लोटात बऱ्याचदा निव्वळ वाफ असते. लोटाच्या शेपटीकडे बघा. वाफ थोड्या अंतरावर विरून जाते. धूर पातळ होत लांबवर रेंगाळतो. (थंड, दमट हवेत वाफही लांबते, तेव्हा घाई नको.) अमेरिकेतले प्रशिक्षित निरीक्षक सूर्य पाठीशी ठेवतात आणि वाफ जिथे संपते तिथे दर 15 सेकंदांनी नजर टाकून, धुरामुळे मागचं किती झाकलं गेलं ते टक्क्यांत नोंदवतात, अशा 24 नोंदींची सरासरी धरतात. उलट, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू डोळ्यांना दिसतच नाही. तिथे यंत्रच लागतं.