शर्कराकंद, पुनर्वापराचं पाणी आणि ठिबकचं अनुदान: अर्ज करताना

भांडेवाडीत शुद्ध केलेलं नागपूरचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. शेतीतही असं पाणी फिरवून वापरता येतं, आणि शर्कराकंद (साखरेचं बीट, शुगर बीट) हे त्यासाठी सोयीचं पीक. जमिनीची क्षारता साधारण 7 डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत (क्षार मोजण्याचं एकक) ते उत्पादन न घटता सोसतं. उसाचं 2 च्या आतच बिनसतं. फक्त उगवणीच्या वेळी कंदही नाजूक असतो.

म्हणून अर्जाआधी पाणी तपासा. धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत लिटरभर नमुना घेऊन मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच), क्षारता आणि सोडियमचं प्रमाण बघायला सांगा. आपल्या काळ्या मातीला क्षारांपेक्षा सोडियम जास्त बाधतो. माती चिकट होते, पाणी मुरत नाही. योजनेला हा अहवाल लागत नाही, तुम्हाला लागतो.

ठिबकसाठी अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, 'प्रति थेंब अधिक पीक' या घटकाखाली करायचा. शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर आधी तो काढा, त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. आधारशी जोडलेलं बँक खातं, सातबारा, आठ-अ आणि पंपाचं ताजं वीजबिल हाताशी ठेवा; अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांनी जातीचा दाखलाही. सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद आहे का, ते तलाठ्याकडे जाऊन आत्ताच बघा. अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच.

मर्यादा 5 हेक्टर. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला केंद्र-राज्य मिळून 80 टक्के, इतरांना 75. पण ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या खर्चावर धरतात, दुकानदाराच्या बिलावर नाही. लॅटरलमधलं, म्हणजे पिकाच्या ओळीने टाकलेल्या ठिबक नळ्यांमधलं अंतर कमी असेल तर हा ठरवलेला खर्च वाढतो, तेव्हा कंदाच्या ओळींचं अंतर ठरवूनच आराखडा करून घ्या. पुनर्वापराच्या पाण्यात गाळ आणि शेवाळ असतं; वाळूची गाळणी कोटेशनमध्ये असायलाच हवी.

पूर्वसंमती येईपर्यंत एक नळीही विकत घेऊ नका. 'आधी बसवून घ्या, पैसे मागून येतील' म्हणणारे विक्रेते भेटतातच. पूर्वसंमतीनंतर 30 दिवसांत खरेदी करून पावत्या अपलोड करायच्या. मग मोका तपासणी (शेतावर येऊन पाहणी) होते आणि रक्कम खात्यात येते.

वाढ नियंत्रकं, म्हणजे पिकाची वाढ कमी-जास्त करणारी औषधं, या अनुदानात बसत नाहीत. जिबरेलिक आम्ल, क्लोरमेक्वाट यांसारखी औषधं 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात, म्हणून परवानाधारक कृषी केंद्रातूनच पक्क्या बिलावर घ्या. लेबलवर शर्कराकंद नसेल तर कृषी महाविद्यालयात विचारल्याशिवाय फवारू नका.