पुण्यातील बांधकाम कारागीर : मजुरी आणि मनुष्यबळ

बांधकाम कारागीर हा पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील इमारतींच्या कामावर अंगच्या हुन्नरावर पोट भरणाऱ्या कामगारांचा वर्ग असून त्यात गवंडी, शटरिंगचे सुतार, सळई कापून बांधणारे फिटर, फरशीवाले, रंगारी, प्लंबर आणि वायरमन यांचा समावेश होतो. साइटवर यांपैकी बहुतेकांना सरसकट ‘मिस्त्री’ म्हणतात आणि त्यांच्या हाताखाली माल कालवणाऱ्या, विटा-घमेली पोहोचवणाऱ्या मजुराला ‘बिगारी’. शहरातील बांधकाम मजुरीची जवळजवळ सगळी रचना या दोन शब्दांभोवती उभी आहे. मिस्त्रीचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, बिगाऱ्याच्या रोजापेक्षा ढोबळमानाने दीडपट असतो आणि नाजूक कामात, म्हणजे फरशी, संगमरवर किंवा सजावटीच्या छताच्या कामात, तो त्याहूनही वर जातो. शासनाच्या किमान वेतनाच्या तक्त्यातही कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा श्रेणी व परिमंडळे (भागांनुसार पाडलेले विभाग) असतात आणि महागाईनुसार विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. मात्र त्या तक्त्यात श्रेणींमधील अंतर अगदी थोडे असते. त्यामुळे मिस्त्रीचा भाव बाजारच ठरवतो, आणि किमान वेतनाचा कायदा खऱ्या अर्थाने बिगाऱ्यापुरताच महत्त्वाचा उरतो.

हे कौशल्य मुख्यतः कामावरच शिकले जाते. नवखा मुलगा गाववाल्याच्या किंवा नातेवाइकाच्या ओळखीने बिगारी म्हणून लागतो, मिस्त्री जेवायला बसला की त्याची थापी हातात घेऊन दोन विटा लावून पाहतो, ओळंबा धरायला शिकतो, आणि काही वर्षांनी एखाद्या घाईच्या दिवशी मुकादम त्याला स्वतंत्र भिंत देतो. त्या दिवसापासून त्याचा रोज वाढतो. प्रमाणपत्र कुठलेच नसते. हाताला आलेली सफाई हाच दाखला.

शहरातील कारागिरांची घडण वेगवेगळ्या काळातील स्थलांतरांतून झाली आहे. 1732 मध्ये शनिवारवाडा उभा राहिला त्या काळात बांधकाम हा पाथरवट, गवंडी, सुतार, बेलदार आणि वडार अशा समाजांचा परंपरागत व्यवसाय होता, आणि खाणीतून दगड काढण्याचे व घडवण्याचे वडारांचे काम त्यानंतरही दीर्घकाळ टिकले. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटून नदीकाठच्या पेठा वाहून गेल्यावर पुनर्वसनासाठी नव्या वसाहती बांधाव्या लागल्या. पाठोपाठ 1972 च्या दुष्काळाने मराठवाडा आणि सोलापूर भागातील शेतमजूर शहरांकडे लोटले गेले. उत्तर कर्नाटकातील कलबुर्गी-विजयपूर पट्टा आणि तेलंगणातील महबूबनगर येथूनही जोडप्यांनी मजूर येत राहिले. हिंजवडी आणि खराडी परिसरात माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या वाढल्यावर, विशेषतः 2000 नंतर, कामाचा आकारच बदलला आणि उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल व ओडिशा येथील कारागिरांच्या टोळ्या मोठ्या साइटवर दिसू लागल्या. फरशी आणि संगमरवराच्या कामात राजस्थानी कारागिरांचा हात आधीपासूनच बसलेला आहे. मराठी कारागीर आज प्रामुख्याने छोटे बंगले, दुरुस्ती आणि अड्ड्यावरची, म्हणजे मजूर सकाळी कामासाठी जमतात त्या चौकातून मिळणारी, कामे यांत आढळतो. त्याने मेहनत सोडली असे सर्रास म्हटले जाते, पण ते न्याय्य नाही. मोठ्या साइटवर ठेकेदाराला पत्र्याच्या खोल्यांत राहणारी आणि दिवसरात्र हाताशी असणारी टोळी हवी असते. शहरात बिऱ्हाड थाटून राहिलेला गवंडी त्या चौकटीत बसत नाही.

अड्डा ही मुंबईत ‘नाका’ म्हणून ओळखली जाणारी व्यवस्था होय. वारजे, कात्रज, डांगे चौक यांसारख्या ठिकाणी सकाळी सातच्या सुमारास माणसे जमतात. कोण काय करतो हे विचारावे लागत नाही, कारण प्रत्येकाच्या पिशवीतून त्याची ओळख डोकावत असते. थापी, ओळंबा आणि गुण्या असेल तर गवंडी, ब्रश आणि पट्टी असेल तर रंगारी, आणि नुसता जेवणाचा डबा असेल तर बिगारी. दुचाकी थांबली की चारपाच जण भोवती गोळा होतात, काम किती, माल वर कोणत्या मजल्यावर न्यायचा, चहा-जेवण कोणाचे, संध्याकाळी कुठे सोडणार हे विचारून भाव ठरतो. साडेनऊ वाजून गेले की तोच माणूस कमी पैशांत तयार होतो, आणि दहानंतर उरलेले निमूटपणे घरी परततात. म्हणून अड्ड्यावरचा रोज ऐकून मजुरीचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. महिन्यात किती दिवस हजेरी लागली आणि किती खाडे पडले, यावर कमाई ठरते. पावसाळ्यात बाहेरच्या प्लास्टरची व रंगाची कामे थंडावतात आणि मृगाच्या पेरणीला गावाकडचे लोकही निघून जातात. उलट होळी, दिवाळी आणि छठपूजेच्या आसपास माणसे मिळेनाशी झाली की उरलेल्यांचा भाव चढतो.

मोठ्या कामावर रोजंदारीपेक्षा उक्त्या कामाची पद्धत रूढ आहे. प्लास्टर आणि फरशी चौरस फुटावर, सळई टनावर, तर विटांचे काम ब्रासवर (शंभर घनफुटांचे माप) मोजतात. यात जलद हाताचा कारागीर रोजापेक्षा बराच अधिक मिळवतो, पण साहित्य वेळेवर न आल्यास बसून राहिलेल्या दिवसाचे नुकसान त्याचेच असते. दर आठवड्याला मिळणारी ‘खर्ची’ ही केवळ हातखर्चाची रक्कम असून पूर्ण हिशेब गावी जाताना किंवा काम संपल्यावर होतो. गावाहून निघताना मुकादमाकडून घेतलेली उचल त्यातून वजा होते. हिशेबाची वही मुकादमाकडे असते, आणि या व्यवसायातील बहुतेक तंटे त्या वहीतूनच निघतात.

मनुष्यबळाच्या स्वरूपात सर्वांत खोल बदल तंत्राने घडवला आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यांत, ज्याला साइटवर ‘मायवन’ म्हणतात, भिंती आणि स्लॅब एकत्र ओतले जातात. त्यामुळे वीटकाम जवळजवळ संपते आणि प्लास्टरही फारसे लागत नाही. रेडीमिक्स काँक्रीट, हलके एएसी ब्लॉक (सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) आणि जिप्समचे प्लास्टर यांनी उरलेले कामही आटोपशीर केले. टोलेजंग इमारतींवर साचे जोडणाऱ्या, सळई बांधणाऱ्या आणि जोडणीच्या कामगारांना मागणी वाढली, पण थापीवर शिकून वर येण्याची वाट अरुंद झाली. ही गोष्ट काळजीची आहे, कारण त्याच वाटेने बिगाऱ्याचा मिस्त्री होत असे.

स्त्रियांना तर ही वाट कधी खुली झालीच नाही. नवराबायकोला ‘जोडी’ म्हणून कामावर घेण्याची प्रथा जुनी आहे. नवरा काही वर्षांत गवंडी होतो, बायको वीस वर्षांनंतरही घमेलेच उचलते, आणि पुरुष बिगाऱ्यापेक्षा तिचा रोज कमी असतो. समान कामासाठी समान वेतनाचे कायदेशीर बंधन 1976 पासून आहे, परंतु तिला ‘हलके काम’ करणारी ठरवून ते टाळले जाते. डोक्यावर ओल्या मालाचे घमेले घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत चढणे हलके कसे, याचे उत्तर कोणी देत नाही.

मार्च 2020 मधील टाळेबंदीत हजारो परप्रांतीय कामगार शहर सोडून गेले आणि पुण्यातील साइट कारागिरांवाचून अडून राहिल्या. परतलेल्यांपुढे अन्य पर्यायही आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार 2022-23 मध्ये ग्रामीण भागातील बांधकाम मजुराचा सरासरी रोज देशात 393 रुपयांच्या आसपास, तर केरळात 852 रुपयांच्या घरात होता. बंगाल किंवा ओडिशातून निघालेला मजूर हे अंतर ओळखून असतो. सप्टेंबर 2024 मध्ये औंधच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इस्रायलसाठी भरती झाली. तिथे शटरिंग, सळई, प्लास्टर आणि फरशी याच कामांची परीक्षा होती आणि वेतन दरमहा सुमारे 1.92 लाख रुपये सांगण्यात आले होते.

सुरक्षिततेचा प्रश्न मजुरीपासून वेगळा काढता येत नाही, कारण स्वस्त निवारा हाही ठेकेदाराच्या काटकसरीचा भाग असतो. 29 जून 2019 च्या पहाटे कोंढव्यात मुसळधार पावसात सोसायटीची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळून 15 जण मृत्युमुखी पडले, त्यांतील बहुतेक बिहारचे होते.

1996 च्या केंद्रीय कायद्याने बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी गोळा करणे सुरू झाले, आणि महाराष्ट्रात त्याचा विनियोग इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ करते. 18 ते 60 वयाच्या कामगाराला नोंदणीसाठी मागील वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला द्यावा लागतो. साइटवरच्या टोळीला तो ठेकेदाराकडून मिळू शकतो. मात्र अड्ड्यावरचा गवंडी 90 दिवसांत साठ घरमालकांकडे काम केलेला असतो, आणि त्यांपैकी एकाचेही पूर्ण नाव त्याला ठाऊक नसते.