निवृत्ती वेगळी, पेन्शन वेगळी

‘५८ झाली, पेन्शन सुरू होणार, म्हणजे आता घरी बसायचं.’ खासगी नोकरीतल्या पीएफधारकांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. यात दोन गोष्टींची गल्लत आहे.

निवृत्तीचं वय ठरतं ते नेमणूकपत्रात किंवा कंपनीच्या सेवाशर्तींत. कुठे ते ५८ असतं, कुठे ६०. त्यापुढेही मालकाला आणि तुम्हाला हवं असेल तर काम चालू राहतं. पेन्शनचं ५८ वय मात्र कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ म्हणजे ‘ईपीएस’चं. त्या वयाला तुमचं या योजनेतलं सदस्यत्व संपतं, नोकरी नव्हे. नोकरीत राहूनही पेन्शन घेता येते. मालकाचा जो ८.३३ टक्के वाटा ईपीएसमध्ये जात होता, तो त्यानंतर पीएफमध्ये जमा होतो.

५८च्या आधी चित्र उलटं आहे. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन मागता येते, पण त्यासाठी नोकरी सोडलेली असावी लागते आणि ५८ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांसाठी दरसाल ४ टक्के कपात होते. ही कपात कायमची.

आता ‘काम करतोच आहे, तर पेन्शन साठीपर्यंत पुढे ढकलू’ हा विचार. वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, म्हणून तो शहाणपणाचा वाटतो. हिशेब करून बघा. ५८ला महिना ७,००० रुपये बसत असतील, तर दोन वर्षांत १,६८,००० रुपये सोडावे लागतात. बदल्यात साठीनंतर महिन्याला जेमतेम ५७० रुपये जास्त. सोडलेले पैसे भरून निघायला साडेचोवीस वर्षं लागतील, म्हणजे वय चौऱ्याऐंशीच्या पुढे! त्यात ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. त्या दोन वर्षांतही ईपीएसची वर्गणी चालू ठेवायचा पर्याय घेतला तर सेवेची वर्षं वाढतात आणि गणित थोडं सुधारतं. तरी माझ्या मते पगार चालू असला तरी ५८लाच पेन्शनच्या मागणीचा फॉर्म १०-डी भरावा आणि पेन्शन बाजूला साठवत राहावं. काम कधी थांबवायचं ते तब्येत, कर्ज आणि कामाची गोडी बघून सवडीने ठरवता येईल.

दहा वर्षांची सेवाच भरली नसेल, तर मासिक पेन्शन बसत नाही. तिथे फॉर्म १०-सी भरून एकरकमी पैसे काढायचे.